यजमानांच्या ओट्यावर आपली फोडणी

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींची बॅग भरताना आपल्या घरांचा जीव डब्यांत अडकलेला असतो. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, लोणचं, चिवडा. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहायचं असेल तर हे डबे सार्थकी लागतात. पण शाळेच्या अदलाबदल कार्यक्रमातून किंवा भाषा शिकण्यासाठी एखाद्या जर्मन, फ्रेंच वा अमेरिकन कुटुंबात राहायचं असेल, तर गोष्ट वेगळी होते. ओटा दुसऱ्याचा, भांडी दुसऱ्याची, जेवणाची वेळही दुसऱ्याची. अशा वेळी घरातून दोन सल्ले मिळतात. एक, ‘देतील ते गुपचूप खा, कुणाला त्रास देऊ नकोस.’ दुसरा, ‘उपाशी राहू नकोस, आपलं आपण करून खा.’ दोन्हींमागे माया आहे, तरी मला दोन्ही अपुरे वाटतात. यजमानांच्या घरात आपलं अन्न जरूर शिजवावं, पण ते सगळ्या घरासाठी आणि त्या घराच्या रीतीने शिजवावं, असं माझं मत आहे. एकट्याच्या ताटापुरतं शिजवलेलं अन्न पोट भरतं, पण ताट वेगळं पाडतं.

याचा एक जुना मराठी दाखला आनंदीबाई जोशींचा. फेब्रुवारी १८८३मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी अमेरिकेला जाण्यामागची भूमिका मांडली, तेव्हा आपले आचार, पोशाख आणि अन्न तिथेही बदलणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्या वर्षी जूनमध्ये त्या न्यू यॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या. वय अवघं अठरा. कार्पेंटरबाईंशी आधी पत्रांतून ओळख झाली होती आणि त्या आनंदीबाईंच्या मावशीच झाल्या होत्या. त्या घरी आनंदीबाईंनी स्वतः रांधून यजमानांच्या स्नेह्यांना आपल्या पद्धतीचं जेवण वाढलं. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. तिथल्या खोलीतली शेगडी पेटवली की धूर कोंडायचा, त्यामुळे धूर सोसायचा की थंडी, एवढाच पर्याय उरायचा. अभ्यास सांभाळून एकटीपुरतं शिजवणं जड गेलं. बाई त्याच होत्या, निश्चयही तोच होता. रोझेलला मात्र त्यांच्या स्वयंपाकाभोवती एक घर होतं, फिलाडेल्फियाच्या खोलीत ते नव्हतं.

त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात राहत होत्या. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. त्यांचा सांभाळ करणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना या पथ्यात जातीचा जुना अभिमान उरलेला दिसला आणि दोघींच्या पत्रव्यवहारात तो वाद उमटला आहे. मला इथे रमाबाईंची बाजू पूर्ण पटते; काय खायचं हा ज्याचा त्याचा हक्क आहे. तरीही एक गोष्ट या वादातून कळते. नुसता नकार समोरच्याला परकेपणासारखा ऐकू येतो. ‘मी हे खात नाही’ या वाक्याला ‘मी हे करून वाढते’ अशी जोड मिळाली की त्याच पथ्याचा अर्थ बदलतो. पाहुणा सतत घेणारा असतो. वर्षभर दुसऱ्याकडून छप्पर, जेवण आणि माया घेत राहणं स्वाभिमानी मुलाला अवघडच जातं. १९४७पासून विद्यार्थ्यांची अदलाबदल करणाऱ्या एएफएससारख्या संस्थांची यजमान कुटुंबं साधारणपणे मोबदला न घेता मुलांना घरी ठेवतात. त्या उपकाराची पैशाने परतफेड करता येत नाही. आठवड्यातून एक जेवण मात्र करून वाढता येतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे: परदेशी जाऊन वरणभातच खायचा तर गेलात कशाला? गांधीजींचं उदाहरण त्यासाठी दिलं जातं. लंडनमध्ये घरमालकिणीला त्यांच्यासाठी काय रांधावं हे सुचत नसे. पण हळूहळू त्यांची मसाल्याची ओढ सुटली आणि फिकी भाजीही गोड लागू लागली, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे. हे खरंच आहे. जिभेला वळण लावता येतं, आणि यजमानांच्या अन्नाला रोज नाक मुरडणारा मुलगा निम्मं शिक्षण गमावतो. पण त्याच गांधीजींनी स्टोव्ह घेऊन सकाळची लापशी स्वतः शिजवली, आणि १८९१मध्ये ‘द व्हेजिटेरियन’ या लंडनच्या साप्ताहिकात भारतीय अन्नाविषयी लेख लिहून ते इंग्रजांना समजावून दिलं. शिकणं आणि सांगणं त्यांच्याकडे बरोबरच चाललं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि आपल्याकडे त्याचा विचार फार कमी होतो. आपली फोडणी हे तिथल्या घरावर एक प्रकारचं आक्रमणच असतं. मसाल्यांचे वास तेलात विरघळतात, तापलेल्या तेलाचे सूक्ष्म कण हवेत उडतात आणि पडद्यांवर, कोटांवर बसतात. थंडीत खिडक्या बंद, स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीला लागून, छताला धुराची घंटा; मोहरी तडतडेपर्यंत तेल तापवलं तर ती वाजलीच म्हणून समजा. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही, गोल बुडाची कढई टेकत नाही. जर्मनीत विजेचा दाब आपल्यासारखाच असल्याने मिक्सर चालतो, अमेरिकेत चालत नाही. पुष्कळ जर्मन घरांत संध्याकाळचं जेवण म्हणजे पाव, चीज आणि थंड पदार्थ. गरम जेवण दुपारी. तिथे रात्री साडेआठला कांदा परतायला घेतला तर घराची घडीच मोडते. शिवाय ॲलर्जी. युरोपीय संघात खाद्यपदार्थांवर ठळकपणे नोंदवावे लागणारे चौदा घटक आहेत. त्यांत शेंगदाणे, तीळ, मोहरी आणि गहू हे चारही येतात. म्हणजे आपलं कूट, आपली चटणी, आपली फोडणी, आपली पोळी! बाजारातल्या बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे गहू न चालणाऱ्या माणसाला चिमूटभर हिंगही बाधू शकतो. शेंगदाण्याची ॲलर्जी काहींच्या जिवावर बेतते. तेव्हा काय घालणार हे आधी सांगणं हे शिष्टाचाराच्याही पुढचं कर्तव्य आहे.

पण हा आक्षेप स्वयंपाक करू नका असं सांगत नाही, विचारून करा असं सांगतो. पैसे देऊन राहण्याच्या काही घरांत स्वयंपाकघर वापरायची मुभाच नसते; तिथे तो करार पाळावा. इतरत्र शनिवार-रविवारची दुपार मागून घ्यावी, तेल धूर येण्याइतकं तापवू नये, हळदीचे डाग लगेच पुसावेत. पदार्थ निवडतानाही डोकं वापरावं. तुरीची डाळ कुकरशिवाय दमवते. मसूर डाळ साध्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत शिजते आणि जर्मनीत नेहमीच्या दुकानातही मिळते. बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर, भात, लिंबू: एवढ्यात पहिलं जेवण होतं. तूप आणि पेढे घरीच ठेवावेत, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. सोळा-सतरा वर्षांच्या आपल्या बहुतेक मुलांनी, विशेषतः मुलग्यांनी, चार माणसांचा स्वयंपाक कधी केलेलाच नसतो. आपण त्यांना डबे देतो, हात देत नाही. म्हणून पालकांना एवढीच विनंती आहे: बॅग भरण्याच्या आधीचे दोन आठवडे मुलाला ओट्याशी उभं करा, सपाट बुडाच्या पातेल्यात चौघांचं वरण, भात आणि एक भाजी त्याच्या हातून करून घ्या, आणि शेवटी ओटा पुसायलाही त्यालाच सांगा.