धरण फुटलं तेव्हा कडेवर कोण होतं?

खडकवासल्याच्या जुन्या घरांत जन्मसाल विचारलं तर उत्तरात धरण येतं. ‘धरण फुटलं तेव्हा मी ओली बाळंतीण होते’, ‘थोरला रांगत होता’, ‘धाकटी पोटात होती’. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं मातीचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही फोडलं. कुळाचा इतिहास लिहिणाऱ्यानं अशी वाक्यं जशीच्या तशी टिपून ठेवावीत. ती शाळेच्या दाखल्यापेक्षा खरी निघण्याची शक्यता मोठी असते.

दाखल्यावरची तारीख बहुधा १ जून असते. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहा वर्षं पूर्ण दाखवायची असायची, मग गुरुजी वर्षं मोजून मागं जात आणि १ जून घालत. समजा, दाखला १ जून १९५९ म्हणतो आणि घरचे म्हणतात की धरण फुटलं तेव्हा पोरगा रांगत होता. दोन वर्षांचं मूल सहसा रांगत नाही. रांगतं ते साधारण सात ते दहा महिन्यांचं. म्हणजे जन्म १९६० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधला. दुसऱ्या एखाद्या मुलाबद्दल आई ‘धोंड्याच्या महिन्यातला’, म्हणजे अधिक महिन्यातला, म्हणाली, तर हिशेब आणखी घट्ट बसतो. १९६१ मध्ये अधिक ज्येष्ठ आला, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. त्याआधीचा अधिक महिना १९५८ चा श्रावण. धरण फुटताना बाळ मांडीवर होतं की अंगणात धावत होतं, एवढं विचारलं की दोन्हींतलं एक साल गळून पडतं.

लग्नाच्या अंदाजात मोठी चूक होते ती आजच्या सवयीनं. पहिल्या अपत्याच्या जन्मसालातून दीड-दोन वर्षं वजा केली की लग्नाचं साल मिळालं, असं आपण धरतो. पणजीच्या पिढीत मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई, मूल कितीतरी पुढं. शिवाय वंशावळीतला थोरला हा बहुतेकदा ‘जगलेला थोरला’ असतो. त्याच्या आधीची गेलेली बाळं कुणी मांडत नाही. इथं शारदा कायदा कामी येतो. १ एप्रिल १९३० पासून मुलीला चौदा आणि मुलाला अठरा वर्षांची अट लागली आणि त्याआधी देशभर लग्नांची घाई उडाली. ‘कायदा यायच्या आत उरकलं’ हे वाक्य घरात टिकून असेल, तर ते लग्न बहुधा १९२९-३० च्या आसपासचं. चातुर्मासात लग्नं होत नसत, म्हणून ते महिनेही वगळता येतात.

मृत्यूचं उलटं असतं. तिथी घराला पक्की ठाऊक, कारण श्राद्ध चालू असतं. हरवतं ते साल. तिथीला वाराची जोड मिळाली तर जुन्या पंचांगांवरून दहा वर्षांच्या पट्ट्यातली एक-दोनच सालं उरतात. मग तलाठ्याकडचा वारसाचा फेरफार पाहावा. मृत्यू त्या नोंदीच्या आधीचा, एवढंच तो सांगतो. नोंद वर्षानुवर्षं रखडलेलीही असू शकते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत अस्थी घेऊन आलेल्यांची आणि त्यांच्या मुलाबाळांची नावं सापडतात. त्या यादीत ज्याचं नाव आहे, त्याचा जन्म त्या भेटीआधीचा.

कोतवाल बुक हा शब्द २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात घराघरांत पोचला. गावच्या जन्म-मृत्यूची ही नोंदवही तहसीलच्या अभिलेखात असते. खडकवासल्यासाठी तालुका हवेली. जुनी पानं मोडी लिपीत असतात. त्यातली मेख अशी की नोंद बहुधा बारशाआधीची, म्हणून बाळाचं नावच नसतं. ‘अमक्यास मुलगा झाला’, बस. तो मुलगा कोणता, हे भावंडांचा क्रम आणि पाठची अंतरं लावल्याशिवाय ठरत नाही. एकच कागद हाती लागला की लोक हुरळून जातात आणि दुसऱ्याच भावाची तारीख आजोबांना चिकटवतात. मला हे फार लागतं, कारण एकदा छापलेली वंशावळ पुढं कुणी तपासत नाही.

म्हणून वहीत एकटा आकडा लिहू नये. ‘जन्म : सप्टेंबर ते डिसेंबर १९६०, अंदाजे, आधार : आईचं सांगणं, धरण फुटताना रांगत होता, दाखल्यावर १ जून १९५९’ असं सगळं एका ओळीत ठेवावं. विरोधी पुरावा खोडू नये. उद्या कोतवाल बुकात त्या महिन्यांतली नोंद मिळाली, तर कोणता आधार टिकला ते नातवाला त्या ओळीवरूनच कळेल.