विश्लेषण : थंडीत जिनिंग, उन्हाळ्यात बांधकाम, पावसाळ्यात शेती, तीन कामे करणाऱ्याला सुरक्षा कोणती?

बोदवड : थंडीत जिनिंगमध्ये, उन्हाळ्यात बांधकामावर आणि पावसाळ्यात निंदणीला. बोदवड परिसरातील अनेक मजुरांचे वर्ष असेच जाते. देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तरीही लाभ मिळतो तो कामानुसार, माणसानुसार नाही. त्यामुळे अनेक कामे करणारा मजूर मध्येच अडकतो.

जिनिंगमध्ये पीएफ मिळतो का?
२० किंवा अधिक कामगार असतील तर मिळतो. मजूर हंगामी असो वा ठेकेदाराचा, हक्क तोच. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. मात्र, पेन्शन योजना १९९५ नुसार हंगामी कामगाराचे चार महिन्यांचे कामही पात्रतेसाठी पूर्ण वर्ष धरले जाते.

मग पेन्शन का हुकते?
दरवर्षी नवा यूएएन काढला की सेवा विखुरते. हंगाम संपल्यावर पेन्शनचे पैसे काढले, तर मागची वर्षे मोजली जात नाहीत.

ईएसआयचे काय?
केवळ कापूस जिनिंग करणारा कारखाना ‘हंगामी कारखाना’ ठरतो. त्याला ईएसआय लागू नाही.

बांधकामाची नोंदणी कधी होते?
वय १८ ते ६० आणि मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचे काम हवे. जिनिंग आणि शेतीचे दिवस यात धरत नाहीत. ७० दिवस बांधकाम आणि १२० दिवस जिनिंग केलेला मजूर इथे अपात्र ठरतो.

ई-श्रम कार्ड चालेल?
हे कार्ड १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी आहे. पीएफ किंवा ईएसआयचे सदस्य त्यात बसत नाहीत.

एकाच वेळी दोन नोकऱ्या असतील तर?
दोन्ही ठिकाणी पीएफ लागू असेल, तर दोन्ही मालकांनी तो भरायचा. यूएएन मात्र एकच राहतो.

हे लक्षात ठेवा
• प्रत्येक मालकाला जुनाच यूएएन द्या.
• हंगाम संपला म्हणून पेन्शनचे पैसे काढू नका. योजना प्रमाणपत्र घ्या.
• बांधकामाचे दिवस वहीत लिहा, ९० दिवस भरताच ठेकेदाराकडून दाखला घ्या.
• पीएफ कापला, पण पासबुकात दिसत नसेल तर पीएफ कार्यालयात तक्रार करा.