दुसऱ्याचे दुःख सांगताना : पत्रकार आणि पटकथाकार विजय तेंडुलकर

वडोदऱ्यालगतचे कोयली हे गाव तेलशुद्धीकरण प्रकल्पामुळे देशभर ओळखले जाते. तेथून फार दूर नसलेल्या खेडा जिल्ह्यात मात्र इतिहास घडविला तो दुधाच्या सहकाराने. त्यावर आधारलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथाकार होते विजय तेंडुलकर.

१९२८ मध्ये जन्मलेले तेंडुलकर नाटककार म्हणून सर्वपरिचित आहेत. परंतु त्यांच्या लेखणीवर पहिले संस्कार झाले ते वृत्तपत्रात. १९४२ च्या चळवळीत शाळा सुटली. पुढे ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ आदी दैनिकांत त्यांनी काम केले. सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिप मिळाली, तेव्हा समाजातील हिंसाचाराचा अभ्यास करीत ते देशभर हिंडले. ‘सामना’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘आक्रोश’ व ‘अर्धसत्य’ या पटकथा याच काळातील व त्यानंतरच्या.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. पटकथा म्हणजे संवाद नव्हेत. ‘मंथन’चे संवाद कैफी आझमींचे, ‘आक्रोश’चे सत्यदेव दुबे यांचे. प्रसंगांचा क्रम, पात्राचे बोलणे आणि न बोलणे यांची आखणी पटकथाकार करतो. ‘आक्रोश’मधील लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर मौन पाळतो. त्याचा वकील सत्य शोधू पाहतो. पण आरोपीच गप्प आहे. अखेर वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी त्याची किंकाळी फुटते.

हे मौन पत्रकाराला परिचयाचे असते. ज्याच्यावर अन्याय झाला, तोच पुष्कळदा बोलत नाही. त्याच्या वतीने इतर बोलतात. तो अधिकार त्यांना कोणी दिला? १९८१ च्या ‘कमला’ नाटकात तेंडुलकरांनी हा प्रश्न थेट पत्रकारितेलाच विचारला. अश्विनी सरीन या पत्रकाराने मध्य प्रदेशात एका स्त्रीला विकत घेऊन माणसांचा बाजार उघडकीस आणला होता. त्या घटनेवर बेतलेल्या नाटकातील पत्रकार मात्र विकत आणलेल्या कमलाला पुरावा म्हणून पत्रकारांसमोर उभी करतो. बातमी मोठी होते, कमला तशीच राहते.

‘मंथन’मधील डॉ. राव बाहेरून येतात आणि निघूनही जातात. संस्था पुढे चालविण्याची उमेद गावातील भोलाकडे उरते. उद्धारक गेल्यावर उद्धार कोणाचा, हे प्रेक्षकाला स्वतःच ठरवावे लागते.

आपल्या पणजीत आज जो इफ्फी भरतो, त्याच महोत्सवात दिल्ली येथे १९८१ मध्ये ‘आक्रोश’ने सुवर्णमयूर पटकाविला. तेंडुलकर २००८ मध्ये गेले. २०२४ मध्ये ‘मंथन’ची पुनरुज्जीवित प्रत कान महोत्सवात झळकली. सन्मानांची ही नोंद महत्त्वाची आहेच. परंतु बातमीदाराला अधिक उपयोगाचा आहे तो तेंडुलकरांचा प्रश्न. दुसऱ्याचे दुःख छापून आणल्यावर त्या दुःखाच्या धन्याचे पुढे काय झाले, हे पाहावयास आपण परत जातो का?