ओसान्यिनचा तुंबा

या, जवळ बसा. आजची गोष्ट आफ्रिकेतली आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नायजेरिया नावाचा देश आहे. त्याच्या नैर्ऋत्येला आणि शेजारच्या बेनिन देशात योरुबा लोक राहतात, चांगले कोट्यवधी. त्यांच्याकडे एक ढोल आहे, दुनदुन. डमरूसारखा कमरेत बारीक, पण चांगला मोठा. दोन्ही तोंडांना कातडं मढवलेलं आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चामड्याच्या बारीक वाद्या ताणलेल्या. वादक तो खांद्याला अडकवून बगलेत धरतो आणि पुढून वाकलेल्या काठीनं वाजवतो. समारंभात पाहुणा आला की हा ढोल त्याचं नाव घेतो, त्याच्या बापाचं, आज्याचं नाव घेतो, घराण्याची थोरवी सांगतो. पाहुणा खूश होऊन वादकाच्या कपाळावर नोट चिकटवतो.

नाव घेतो म्हणजे खरोखर घेतो हं, बाळांनो. ऐकणाऱ्याला शब्द कळतात.

हे कसं होतं? योरुबा भाषेत प्रत्येक अक्षराला सूर असतो: वरचा, मधला किंवा खालचा. सूर चुकला की अर्थच बदलला. ‘ओको’ घ्या. पहिलं अक्षर मधल्या सुरात आणि दुसरं वरच्या सुरात म्हटलं, तर ती झाली कुदळ. दोन्ही मधल्या सुरात म्हटली, तर नवरा. मधला आणि मग खालचा लावला, तर होडी. आणि दोन्ही खाली नेली, तर भाला! तिथलं लहान पोरही यात सहसा चुकत नाही, कारण ते आईच्या तोंडून शब्द आणि सूर एकदमच शिकतं.

आता ढोलाकडे चला. वादक बगलेतल्या वाद्या दाबतो. वाद्या दबल्या की दोन्ही तोंडांची कातडी ताणली जातात. कातडं जितकं ताणलेलं, तितकं ते भरभर थरथरतं आणि सूर वर चढतो. हात सैल सोडला की सूर खाली येतो. यातलं गणित ऐका: ताण दुप्पट केला म्हणून कंपनं दुप्पट होत नाहीत. कंपनं दुप्पट व्हायला, म्हणजे सूर एका सप्तकानं वर जायला, ताण चौपट लागतो. योरुबा वादकानं हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसतं. त्याच्या दंडाला ते ठाऊक असतं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा आवाजही तो नेमका काढतो, कारण दाब हळूहळू कमी-जास्त करणं त्याच्याच हातात असतं.

पण एक अडचण आहे, आणि ती कुणाच्याही लक्षात यावी. ढोलाला ओठ नाहीत, जीभ नाही. तो ‘क’ म्हणू शकत नाही की ‘म’ म्हणू शकत नाही. अक्षरं गळून पडतात, सूर तेवढे उरतात. मग मधला-मधला असा सूर आला, तर तो नवरा म्हणायचा, की त्याच सुरांचा दुसरा एखादा शब्द?

वादकांनी काढलेली युक्ती मला सगळ्यात मोठं नवल वाटते. ते सुटा शब्द वाजवतच नाहीत. माणसाचं नुसतं नाव न घेता त्याची ओरिकी वाजवतात. ओरिकी म्हणजे घराण्याची स्तुतिवचनं, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली, सगळ्यांना तोंडपाठ. नाहीतर मग म्हणी वाजवतात. वाक्य लांबलं की त्या सुरांच्या ओळीत बसणारं दुसरं वाक्य सापडणं अवघड होत जातं आणि ऐकणाऱ्याच्या मनात एकच अर्थ उरतो. 1948 साली अमेरिकेत क्लॉड शॅनन नावाच्या गणितज्ञानं सिद्ध केलं, की गोंगाटातून निरोप धड पोचवायचा असेल तर त्यात थोडी जास्तीची भर घालावी लागते. आज तुमचा फोन याच तत्त्वावर चालतो. योरुबा वादकांच्या घराण्यांनी ते तत्त्व आपल्या वाटेनं कधीच गाठलं होतं.

ही घराणी अयानची. अयान म्हणजे ढोलाचं दैवत. या घराण्यांतल्या मुलांच्या नावांची सुरुवातच ‘अयान’नं होते, आणि मूल चालायला लागतं तेव्हापासून छोटा ढोल त्याच्या हाती येतो. दुनदुनच्या ताफ्यात जो मुख्य ढोल बोलतो त्याला ‘इया इलू’, म्हणजे ढोलांची आई, म्हणतात. तिच्या काठाला पितळी घुंगरं असतात. बाकीचे ढोल ताल धरतात, आई बोलते.

आणि ढोलाचं लाकूड? ते ओमो नावाच्या झाडाचं घेतात. आपल्याकडे लोणचं घालतात ते भोकर माहीत आहे ना? ओमो त्याच कुळातला, कॉर्डिया कुळातला. लाकूड हलकं, कोरायला सोपं आणि सहसा न तडकणारं. पण कुठलंही ओमोचं झाड चालत नाही. जुने कारागीर सांगतात, की झाड वाटेच्या कडेला वाढलेलं हवं. त्यानं आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोलणी ऐकलेली असतात, म्हणून त्याचा ढोल चांगलं बोलतो. लाकूड माणसाचं बोलणं साठवत नाही, हे मी तुम्हाला सांगायला हवं. तरी ज्या लोकांनी असा विचार केला, त्यांचं झाडाकडे किती लक्ष होतं ते बघा.

आता झाडांवरून पाल्याकडे येऊ. योरुबांचा पाल्याचा देव ओसान्यिन. त्याला एकच पाय, एकच हात, एकच डोळा. त्याची गोष्ट अटलांटिकच्या पलीकडे, क्यूबा आणि ब्राझीलमध्येही सांगतात, कारण गुलाम करून जहाजांत कोंबून नेलेल्या योरुबांनी ती सोबत नेली. तर रानातली सगळी औषधी पानं ओसान्यिननं एका तुंब्यात भरली आणि तुंबा झाडाला टांगून ठेवला. कुणाला पान हवं असलं तर त्याच्याच पाया पडायला जायचं. विजेचा देव शांगो याला ते खपेना. त्यानं आपली बायको ओया, ती वाऱ्याची देवी, तिला सांगितलं. ओयानं पदर झटकला, वादळ सुटलं, तुंबा खाली आपटून फुटला आणि पानं चौफेर उडाली. सगळे देव धावले. ज्याच्या हाती जे पान आलं, ते त्याचं झालं. पण पानांना जागं करणारे शब्द मात्र ओसान्यिनजवळच राहिले. म्हणून त्याला मानणारे त्याचं नाव घेतल्याशिवाय पाला खुडत नाहीत.

योरुबा वैद्याला ओनिशेगुन म्हणतात. पाला तोडताना, कुटताना, उकळताना तो मंत्र म्हणतो, त्याला ओफो म्हणतात. आणि काय झालंय, कोणता उपाय करायचा, हे विचारायला लोक बाबालावोकडे जातात. तो इफाचा, म्हणजे कौल लावण्याच्या विद्येचा, पुजारी. त्याच्या साखळीत बियांची आठ अर्धी टरफलं असतात. साखळी टाकली की प्रत्येक टरफल पालथं पडतं किंवा उताणं. आठ टरफलं आणि प्रत्येकाच्या दोन शक्यता. एकापासून सुरू करून दोननं आठ वेळा गुणत जा. 256 येतात ना? इफाचे अध्यायही बरोबर 256, आणि प्रत्येकात कितीतरी कथा. बाबालावोला त्या पाठ करायला वर्षं लागतात. संगणकाचा एक बाइट म्हणजे सुद्धा आठ बिट, आणि 256 आकडे. गणित शिकवणाऱ्यांनी ही साखळी वर्गात जरूर न्यावी, असं मला वाटतं.

आता ज्या पाल्यासाठी मी ही गोष्ट सांगायला घेतली, त्याच्याकडे येतो. योरुबा मुलखात एक लहानसं झाड आहे, असोफेयेजे. त्याची फळं पिकली की लालभडक होतात आणि पक्षी ती खातात. माणसानं मात्र त्याच्या वाटेला परस्पर जायचं नाही. शास्त्रीय नाव रौवोल्फिया व्होमिटोरिया, आणि त्या नावातच ओकारी आहे. ज्या रुग्णाचं मन बिथरलंय, जो ओरडतो, झोपत नाही, अंगावर धावून येतो, त्याला ओनिशेगुन या झाडाच्या मुळांचं औषध द्यायचा. रुग्ण शांत व्हायचा, गाढ झोपायचा. मग आठवडे, कधी महिने, तो वैद्याच्याच वाड्यात राहायचा. बरा झाला की नदीकाठी विधी व्हायचा, आजारपणातले कपडे पाण्यात सोडून द्यायचे आणि नवे घालून घरी जायचं. हे सगळंच गोड नव्हतं. फार खवळलेल्या रुग्णाला बेड्या घालत, आणि मात्रा चुकली तर औषध जिवावरही बेते. पण मुळात काहीतरी होतं, हे नक्की.

त्याची सख्खी बहीण आपल्याकडे आहे, सर्पगंधा. तेच रौवोल्फिया कुळ. लिओनहार्ड राउवोल्फ या जुन्या जर्मन वैद्याच्या नावानं हे कुळ ओळखलं जातं. दोन खंडांत दोन वनस्पती, आणि दोन्हीकडच्या वैद्यांनी त्यांचा उपयोग वेड शमवायला केला. 1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो आणि उन्माद ओसरतो. मग 1949 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. तेव्हा कुठे जगाचे कान टवकारले. 1952 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला शास्त्रज्ञांनी सर्पगंधेच्या मुळातून एक शुद्ध द्रव्य वेगळं केलं, रिझर्पिन. डॉ. वकील यांना 1957 साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आणि असोफेयेजेची मुळं तपासली, तर त्यातही तेच रिझर्पिन!

ते मेंदूत काय करतं? मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांच्या भाषेत बोलतात. डोपामिन, सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिन अशी त्या रसायनांची नावं. ही रसायनं पेशीच्या टोकाशी इवल्याशा पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. रिझर्पिन त्या पिशव्यांत माल भरणारं दारच बंद करतं. साठा हळूहळू आटतो, पेशींचं बोलणं मंदावतं आणि खवळलेला माणूस शांत होतो. पण साठा फार आटला तर तोच माणूस खिन्न होऊन बसतो. म्हणूनच पुढे अधिक सुरक्षित औषधं आल्यावर डॉक्टरांनी ते बरंचसं मागे टाकलं.

तरी मागे टाकण्यापूर्वी त्या मुळानं जगाला आणखी एक देणं दिलं. 1957 साली स्वीडनमधल्या लुंड गावी आर्विड कार्लसन यांनी सशांना रिझर्पिन दिलं. ससे निपचित पडले, कान लोंबले, हलता येईना. मग त्यांना एल-डोपा टोचलं. मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. थोड्याच वेळात ससे उठले, कान उभारले, उड्या मारायला लागले! त्यातून पुढे कळलं, की कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामिनच कमी पडतं. आज जगभर त्यांना एल-डोपा देतात. खाजकुइलीच्या बियांतही ते असतं बरं का. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं.

तर शेवटी जाऊ पुन्हा योरुबांच्या मुलखात, अबेओकुटा शहरात. तिथे 1923 साली जन्मलेला टॉमस अडेओये लांबो हा मुलगा इंग्लंडात जाऊन मनोविकारांचा डॉक्टर झाला आणि परत आला. शहराजवळ आरो इथे मोठं रुग्णालय बांधायचं ठरलं होतं, पण इमारत पुरी व्हायची होती. लांबोंनी वाट पाहिली नाही. 1954 पासून त्यांनी आजूबाजूच्या खेड्यांतल्या घरांतच रुग्णांची सोय केली. अट एक: घरचं एक माणूस, आई, भाऊ, बायको, कुणीतरी, सोबत राहिलंच पाहिजे. रुग्ण इंजेक्शनं-औषधांना दवाखान्यात यायचा आणि उरलेला वेळ गावात राहायचा, शेतात जायचा, बाजारात जायचा, सणाला गावकऱ्यांमध्ये बसायचा. कुलूपबंद खोली नाही, साखळी नाही. आणि लांबोंनी पारंपरिक वैद्यांनाही सोबत घेतलं. विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरनं ओनिशेगुनशेजारी बसायचं, हे तेव्हा अनेकांना रुचलं नसेल. लांबो पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले, आणि त्यांची ही पद्धत इतर देशांतल्या डॉक्टरांनीही अभ्यासली.

तुम्ही आता विचाराल, आजोबा, ढोलानं आजार बरा होतो का? मी खरं तेच सांगतो. पिशव्यांचं दार मूळ बंद करतं, ढोल करत नाही. पण ज्याचं मन भरकटून परतलंय, त्याला आपण कोण हे पुन्हा ओळखावं लागतं. आरोतल्या रुग्णाभोवती त्याला नावानं हाक मारणारं माणूस होतं, शेजारी होते, आणि त्या गावच्या सणाला दुनदुन असे. इया इलूवर घराण्याची ओरिकी वाजते तेव्हा ती ऐकणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव एका दमात लागोपाठ येतं, आणि ज्याचं ते असतं त्याला उठून उभं राहावंसं वाटतं.