बाथटबमागची भिंत

वेसू, पाल, अडाजण या सुरतेच्या भागांत उंच इमारती वाढल्या, तसा मोठ्या फ्लॅटमधून बाथटबही आला. त्याच्या तीन बाजूंना मोरबीच्या टाइल्स लावण्याची पद्धत जुनी. आता डागडुजी काढली की घरमालक टाइल्सवरच चिकटवायच्या पीव्हीसी पॅनलची चौकशी करतात. जुन्या टाइल्स फोडायच्या नाहीत, धूळ कमी, सांधे मोजके, म्हणजे काळी बुरशी धरणाऱ्या फटीही मोजक्या. या सगळ्यात तथ्य आहे. मात्र पॅनल ओल लपवतं, थांबवत नाही. सुरतेत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

तापी नदी या शहराच्या भिंतींना सोडत नाही. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून पाणी सोडावं लागलं आणि शहराचा बहुतांश भाग बुडाला. विटांच्या भिंतीत असं पाणी मुरलं की ती वाळायला महिने जातात, क्षार वर येतात, लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात. पुरातून वाचलेल्या घरांतही पावसाळ्याची दमट हवा आहेच. अशा भिंतीवर प्लास्टिक चिकटवलं की ओलीला बाहेर पडायची वाट उरत नाही. ती आत कोंडते आणि मग शेजारच्या खोलीत डाग होऊन उमटते.

म्हणून आधी परीक्षा. टाइल्स नसलेल्या भिंतीवर, अथवा त्याच भिंतीच्या पलीकडच्या खोलीतल्या बाजूला, दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवून दिवसभर ठेवा. भिंतीकडच्या अंगाला थेंब जमले, तर ओल आतली आहे. गळती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. थेंब बाहेरच्या अंगाला असतील तर तो हवेचा दमटपणा.

पॅनलच्या निवडीतही घोटाळा होतो. छताला लावतात ती पोकळ पट्टी स्वस्त पडते. पण तिच्या कापलेल्या टोकातून पाणी आत शिरलं की पोकळ्यांत साचून राहतं. टबाभोवती भरीव शीटच घ्यावी आणि ती स्क्रूऐवजी गोंदाने बसवावी, कारण स्क्रूचं प्रत्येक भोक ही पाण्याची वाट आहे. जुन्या टाइल्सवर चिकटवायची असेल तर साबणाचा थर काढून, चकाकी घासून घालवायची, नाहीतर गोंद धरत नाही. पीव्हीसी उष्णतेने फुगतं: आठ फुटांच्या शीटला वीस अंशांच्या फरकाने जवळपास तीन मिलिमीटर. तेवढी जागा कडेच्या पट्टीत सोडली नाही, तर उन्हाळ्यात शीट फुगीर होते.

सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे टबाचा काठ. काही टबांना भिंतीकडे उभी कड असते. शीट तिच्यावरून खाली यायला हवी, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी टबातच पडतं. बरेच टब मात्र सपाट काठाचे, विटांच्या ओट्यात बसवलेले असतात. त्यांना वेगळी उभी पट्टी चिकटवून घ्यावी. शीट आणि काठ यांच्यात तीनेक मिलिमीटरची फट ठेवून ती बुरशीरोधक सिलिकॉनने भरायची, तीही टब पाण्याने भरलेला असताना. पाण्याच्या वजनाने टब किंचित खाली बसतो. रिकाम्या टबावर भरलेलं सिलिकॉन पहिल्याच अंघोळीला ताणून सुटू लागतं. एक दिवस ते वाळू द्या, मगच टब रिकामा करा.

उधना, लिंबायत, दिंडोली भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. त्यांच्या लहान घरांत टब नसला, तरी अंघोळीच्या कोपऱ्यातल्या भिंतीला हेच नियम लागू पडतात. कमी खर्चाचं पॅनल लावणाऱ्याने तर ओलीची तपासणी चुकवूच नये, कारण काम दुसऱ्यांदा करण्याची त्याची ऐपत नसते.

आणखी एक विनंती. नवी नळजोडणी भिंतीत जाणार असेल, तर पॅनल लावण्याआधी प्लंबरकडून दाब देऊन पाइप तपासून घ्या आणि पाइप कुठून गेलेत त्याचा फोटो काढून घराच्या कागदपत्रांत ठेवा. टबाच्या निचऱ्यापर्यंत हात पोहोचेल अशी झडपही सोडून घ्या.