बिनतारी यंत्रांची गर्दी व तिची शिस्त

धर्माबादेच्या मिरचीच्या बाजारांत चहूंकडून भावाचा पुकारा होऊं लागला म्हणजे शेजारच्या माणसाचें बोलणेंही नीट ऐकूं येत नाहीं. मग जो तो आपला स्वर चढवितो, आणि गोंगाट मात्र वाढतच जातो. बिनतारी यंत्रांचीही हीच अवस्था होते.

शेतांतील ओलावा व उष्णता मोजणारीं लहान यंत्रें हल्लीं निघालीं आहेत. एकाचा निरोप दुसऱ्यानें घेऊन पुढें पोंचवावा, अशा रीतीनें तीं आपली वार्ता मुख्य यंत्राकडे धाडतात. एकाच लहरीवर दोन यंत्रें एकदम बोललीं कीं ऐकणाऱ्यास एकाचेंही समजत नाहीं. निरोप पुन्हा धाडावा लागतो व चिमुकली बॅटरी व्यर्थ खर्च होते.

ह्यावर उपाय तीन. बोलण्यापूर्वीं दुसरा कोणी बोलत नाहीं ना, हें ऐकावें. शक्य तर निराळी लहर घ्यावी. आणि जेवढें अंतर तेवढाच आवाज काढावा.

तर मग प्रत्येकानें लगतच्या शेजाऱ्याशींच बोलावें म्हणजे झालें, असें कोणासही वाटेल. येथें आम्ही विद्यार्थ्यांपुढें एक गणित ठेवतों. एका रांगेंत सहा यंत्रें मांडा व त्यांमधील अंतरें १, २, ४, ८, १६ हात अशीं ठेवा. पांचव्याचा आवाज सहाव्यापर्यंत, म्हणजे १६ हात जावयास हवा. पण पांचव्यापासून पहिलें यंत्र १५ हातांवरच आहे! तेव्हां मागच्या सर्वांस तो आवाज बाधतो. तिसऱ्याचें व चौथ्याचेंही तसेंच. बिचाऱ्या पहिल्यास बहुतेक सर्वांचा त्रास! संबंध थोडे ठेवल्यानें गोंगाट कमी होतोच असें नाहीं, हें झुरिच येथील संशोधकांनीं २००४ सालीं दाखविलें. अशा रांगेंत कांहीं निवडक यंत्रें मध्यस्थ नेमून इतरांस त्यांच्याशीं जोडलें, तर त्रास पुष्कळ घटतो.

ह्या शिस्तीचें महत्त्व पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें दिसतें. तेथें डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकारानें, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. आकाशांतून येणाऱ्या लहरी अत्यंत क्षीण. म्हणून मानवी गोंगाट कमी असलेली जागा निवडली, आणि तबकड्या एकमेकींस बिनतारी न जोडतां काचतंतूंनीं जोडल्या. दूरच्या तारकाविश्वांचें कुजबुजणें ऐकावयाचें, तर जवळच्यांनीं मौन पाळावें लागतें. वर्गांत एकानें उत्तर देतांना इतरांनीं गप्प बसावें, हा नियम ह्याहून निराळा नाहीं.