पार्किंगमधले गवत आणि त्याखालची खडी

सोसायटीच्या वार्षिक सभेत पाणीपट्टी आणि लिफ्टच्या खालोखाल वाद रंगतो तो पार्किंगवरून. पावसात चिखल होतो, गाड्यांची चाके रुततात, मग कोणीतरी सुचवते, ‘सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ.’ ठराव होतो, आवार चकाचक होते. पुढच्या जूनमध्ये आवारातले सगळे पाणी फाटकातून रस्त्यावर धावते आणि मार्च उजाडला की त्याच फाटकातून टँकर आत येतो.

हिशेब तोंडी करता येण्यासारखा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. ५०० चौरस मीटरच्या आवारावर ५० मिलिमीटरची जोरदार सर आली, तर २५ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर. काँक्रीटवरून यातले बहुतेक पाणी काही मिनिटांत गटारात जाते. पेव्हर ब्लॉकच्या फटींतून ते मुरते, असा अनेकांचा समज असतो. पण त्या फटी दोन-तीन मिलिमीटरच्या, त्याही बारीक मातीने लवकर बुजतात. शिवाय ब्लॉकखाली कच घट्ट दाबलेली असते आणि बऱ्याच ठिकाणी तिच्याखाली पीसीसीचा थरही असतो. मग पाणी मुरणार कुठून?

यावर उपाय म्हणून आता ‘ग्रास पेव्हर’ बाजारात सर्रास मिळतात. काँक्रीटची किंवा प्लास्टिकची जाळी, तिच्या कप्प्यांत माती आणि मातीत गवत. गाडीचा भार जाळी पेलते, पाऊस कप्प्यांतून खाली जातो. कल्पना नवी नाही. जर्मनीत १९६० च्या दशकातच असे ब्लॉक वापरात आले. तिथल्या अनेक शहरांत पावसाचे पाणी गटारात सोडण्याबद्दल स्वतंत्र शुल्क लागते आणि ते ठरते आवारातली किती जमीन झाकली आहे, यावरून. पाणी मुरू देणारी फरसबंदी केली की बिल कमी होते. इंग्लंडमध्ये २००८ पासून घरापुढच्या अंगणात पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालून पाणी थेट रस्त्यावर सोडायचे असेल, तर परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडे सोसायट्या गच्चीचे पाणी साठवण्याचा विचार करतात, पण आवाराचे पाणी सहसा हिशेबात येत नाही.

मात्र वरची हिरवी जाळी पाहून भुलू नये. खरे काम खालच्या थरांत होते, आणि कंत्राटदार काटकसर करतात तीही तिथेच. योग्य पद्धतीत आधी दीड-दोन फूट खोदाई होते. तळाची माती जास्त धुमसत नाहीत. तिच्यावर जिओटेक्स्टाईल कापड, म्हणजे पाणी खाली जाते पण माती वर येऊन खडीत मिसळत नाही. मग सुमारे ३० सेंटिमीटर खडी. ही खडी एकसारख्या आकाराची आणि धुतलेली हवी, तिच्यात भुकटी नको. अशा खडीत जवळजवळ एक तृतीयांश जागा मोकळी राहते. म्हणजे ३० सेंटिमीटरचा थर १०० मिलिमीटर पाऊस पोटात घेऊ शकतो आणि तो सावकाश जमिनीला देतो. त्यावर बारीक खडीचा पातळ थर आणि शेवटी जाळी. एवढी मेहनत टाळून मुरूम दाबून किंवा पीसीसीवर जाळी बसवली, तर हाती येते ती फक्त कुंडी. पावसात तिच्यात पाणी तुंबते, उन्हात गवत करपते.

जमिनीचा पोतही पाहावा लागतो. कोकण-गोव्याचा जांभा पाणी पटकन पितो. दख्खनच्या पठारावर वरची काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि भिजल्यावर पाणी फारच हळू सोडते. खाली बेसॉल्ट असल्याने मुरलेला प्रत्येक लिटर बोअरवेलला मिळेल, ही आशाही करू नये. खडकात भेगा जिथे असतील तिथेच पाणी पुढे सरकते. चाचणी मात्र घरगुती आहे. फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे, पुन्हा भरून पातळी तासाला किती उतरते ते मोजावे. तासाला सेंटिमीटरभरही उतरत नसेल, तर खडीच्या तळाशी छिद्रांचा पाइप टाकून जादा पाणी पावसाळी गटारात काढावे. तरीही फायदा उरतोच, कारण सगळ्यांचे पाणी एकाच वेळी रस्त्यावर येत नाही.

हा पाइप बोअरवेलमध्ये सोडण्याचा मोह टाळलाच पाहिजे. पार्किंगच्या पाण्यात ऑइल, टायरची झीज, ब्रेकची धूळ असते. थोडीफार घाण मातीचे थर अडवतात आणि त्यातले जिवाणू तेल हळूहळू पचवतात, पण पाइपातून थेट गेलेल्या पाण्याला ही गाळणी मिळत नाही. बोअरवेलसाठी गच्चीचे गाळलेले पाणीच योग्य. जिथे गाड्या धुतल्या किंवा दुरुस्त केल्या जातात, ती जागाही या फरसबंदीतून वगळावी. आरोग्याच्या दृष्टीने जमेची बाजू म्हणजे वर डबकी राहत नाहीत. डेंग्यूचा डास अंड्यातून बाहेर पडून उडू लागेपर्यंत साधारण आठवडा जातो. नीट बांधलेल्या थरातून पाणी त्याआधीच ओसरते.

गारव्याबद्दल जाहिराती बरेच बोलतात. मे महिन्याच्या दुपारी डांबर ६० अंशांच्या आसपास तापते आणि जिवंत गवत त्यापेक्षा कितीतरी थंड राहते, हे खरेच. पण गवत वाळले की बाष्पीभवन थांबते आणि गारवाही ओसरतो. मराठवाड्यात टँकरचे पाणी घालून गवत हिरवे ठेवणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. मखमली मेक्सिकन लॉनच्या नादी न लागता हरळी लावावी. ती उन्हाळ्यात पिवळी पडते, टायरखाली दबते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटते. माती जाळीच्या काठापेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली ठेवली, की गवताचे कोंब चाकाखाली चिरडत नाहीत.

स्टिल्टखाली ऊन नाही, पाऊस नाही. तिथे गवताचा हट्ट धरू नये. जी गाडी आठवडाभर हलत नाही, तिच्याखालीही गवत जगत नाही. अशा कप्प्यांत बारीक खडी भरली तरी पाणी मुरते. काठी टेकत चालणाऱ्या आजी-आजोबांसाठी आणि व्हीलचेअरसाठी सपाट फरशीचा पट्टा राखून ठेवावा, कारण जाळीवर पाय अडखळतो.

खर्च साध्या पेव्हर ब्लॉकपेक्षा जास्त येतो, तो मुख्यतः खोदाई आणि खडीचा. खोदाई आणि खडीचे काम एप्रिल-मे महिन्यांत उरकून हरळी पहिल्या पावसात लावावी. मुळे धरेपर्यंत दोन महिने त्यावर गाडी नको. एवढे दिवस चाळीस गाड्या रस्त्यावर लावता येत नाहीत, म्हणून निम्मे आवार यंदा आणि निम्मे पुढच्या वर्षी, असा ठराव सभेत मांडणे सोयीचे.